घरच्या माणसाची ठोकलेली गाडी घरीच दुरुस्त करताय? या चुका टाळा

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यात. माझं गॅरेज नाही. गुरांच्या कोठ्याला लागून टिनाचं शेड आहे, त्यात पान्यांची पेटी आणि एक लहान वेल्डिंग मशीन. तिथे गेली सोळा वर्षं मी घरच्या आणि सोयऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करतो आहे. रोह्याला म्हणजे नीलगायीला धडकलेल्या, रानडुकराला ठोकलेल्या, पावसात रस्ता सोडून नालीत उतरलेल्या, सगळ्या पाहिल्या. मोडलेलं सामान दरवेळी वेगळं असतं. त्यानंतर घरात होणाऱ्या चुका मात्र त्याच त्याच, आणि त्या पाहून आता खरंच जीव कंटाळला आहे. परक्याची गाडी असली की माणूस विचार करतो. भावाची, बहिणीची, जावयाची गाडी म्हटलं की "उद्या सकाळी पाहिजे" हे वाक्य आलंच, आणि दुरुस्त करणाऱ्यालाही नाही म्हणवत नाही.

ठोकलेली गाडी चालवत घरी आणणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागडी चूक आहे.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मावसभाऊ त्याच्या बहिणीच्या साक्षगंधाची बोलावणी करून रात्री परत येत होता. उन्हाळ्यात वावरं रिकामी असतात, रोही पाण्यासाठी रात्री रस्ते ओलांडतात. एक रोही आडवा आला. अल्टोचा बंपर आत गेला, डावा हेडलाइट फुटला, बोनट थोडं उचललं. रोही उठून पळाला, याला खरचटलंही नाही. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली, म्हणून हा तशीच घेऊन निघाला. घर अकरा किलोमीटर.

आवारात गाडी शिरली तेव्हाच इंजिनची खडखड ऐकून मी जेवणावरून उठलो. समोर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, तो गोडसर वास, खाली एक थेंब नाही. सगळं रस्त्यातच सांडलं होतं.

"काटा नाही पायला का तू?"

"पायला ना भाऊ. पहिले वर गेल्ता, मंग आपोआपच खाली आला. मले वाटलं थंडी झाली गाडी."

हे नीट समजून घ्या, कारण शिकलेली माणसंही इथे फसतात. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट आहे तोवर काटा खरं सांगतो. ते वाहून गेलं की सेन्सरभोवती नुसती वाफ आणि हवा उरते, त्याला इंजिनची खरी उष्णता कळतच नाही, आणि काटा खाली येतो. वर गेलेला काटा गाडी चालू असतानाच झपकन खाली आला, तर इंजिन थंड झालेलं नसतं. पाणी संपलेलं असतं. तिथल्या तिथे चावी बंद.

दुसऱ्या दिवशी इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं. उलटं करून त्यावर सरळ पट्टी ठेवली आणि खाली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पानं सरकवून पाहिली. अशा हेडला ०.०५ मिलिमीटरच्या पुढे वाक चालत नाही. मधल्या सिलिंडरपाशी ०.१५ चं पान न अडखळता आत गेलं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, कोरडं तापलं की वाकतं. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून ताकासारखा पांढुरका थर. म्हणजे हेडखालचं गॅस्केट गेलं, पाणी ऑइलमध्ये मिसळलं. खरी ठोकर रेडिएटर, पंखा आणि एका लाइटपुरती होती. पुढचं सगळं त्या अकरा किलोमीटरनी केलं: लेथवाल्याकडे हेडचं फेसिंग (ते घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, ऑइल, फिल्टर. साक्षगंधाला तो शेजाऱ्यांच्या बोलेरोत गेला.

आता माझ्या घरात नियम आहे. समोरून ठोकर बसली की इंजिन बंद, खाली वाकून बॅटरीने पाहायचं काही गळतं का, आणि मग मला फोन. रात्री दोन वाजले तरी चालतील. मी ट्रॅक्टर घेऊन येतो.

आणि जनावर जागेवर पडून असेल तर त्याच्या जवळ जाऊ नका, वन विभागाला कळवा. उचलून बाजूला टाकायला जाऊ नका.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी

पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमिनीतलं पाणी खारं आहे, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. ते पाणी आपण पीत नाही. हंड्याच्या बुडाला पांढरी खपली धरते ते रोज डोळ्यांनी पाहतो. तरी तेच पाणी बादलीने रेडिएटरमध्ये ओततो. रेडिएटरच्या नळ्या आतून किती अरुंद असतात ते एकदा भंगारातला कापून पाहा. मी कापला होता. अर्ध्याहून जास्त नळ्या चुनखडीसारख्या थराने बंद होत्या, आणि ॲल्युमिनियमला मिठाने बारीक खड्डे पडले होते. बाहेरून तो रेडिएटर चकाचक होता.

तयार कूलंटचा डबा तालुक्याला कुठेही मिळतो. घट्ट कूलंट आणलं असेल तर त्यात मिसळायला बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या. लहान गाडीला सगळं मिळून तीन-चार लिटर लागतं. एवढ्यात कंजुसी कशाला? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. घट्ट झाकणाचा दाब आणि कूलंट मिळून ती मर्यादा १२० च्या आसपास नेतात. ते वरचे वीस अंश विदर्भातल्या उन्हाळ्यात रोज कामाला येतात.

भरताना घाई नको. हळूहळू भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन संथ चालू ठेवा, हिटर पूर्ण गरमवर लावा, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होऊ द्या. बुडबुडे थांबेपर्यंत मी स्टूल घेऊन समोर बसतो. हवा आत अडकली तर नवा रेडिएटरही गाडी तापण्यापासून वाचवत नाही.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. ओलं फडकं टाकूनही नाही. वरचा रबरी पाइप हाताने दाबून पाहा. तो थंड आणि नरम लागला तरच झाकणाला हात.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणं ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती, गावापर्यंत पोचायला. ती भोकाबरोबर नळ्याही बंद करते. एमसीलचंही तेच, तो ताप-थंड होऊन सुटतो. फुटलेला रेडिएटर बदलायचा.

आणि काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं. कोठ्याजवळ वासरू, कुत्रं, शेळी कोणीही तोंड लावेल. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून माळ्यावर ठेवतो.

आधी पाना, मग विमा

गाडी नुसत्या थर्ड पार्टी विम्यावर असेल तर स्वतःच्या नुकसानीचं काही मिळत नाही; हा भाग सोडून द्या. पण पूर्ण विमा असेल तर कंपनीला कळवण्याआधी आणि सर्वेअरने पाहण्याआधी एकही नट खोलू नका. जनावराला धडकून झालेलं नुकसानही त्यात बसतं. नंबर प्लेट दिसेल असे फोटो, जागेवरच, चारही बाजूंनी. आमच्या एका सोयऱ्याने बंपर आणि लाइट बदलून टाकले, मग क्लेम करायला गेला. दाखवायला मोडकं सामानच राहिलं नव्हतं, भंगारवाल्याला देऊन झालं होतं.

छोट्या नुकसानीला क्लेम करावाच असंही नाही. क्लेम न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत बोनस म्हणून सूट मिळते, ती क्लेमने जाते. आधी हिशोब मांडा. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला हे विचारायलाच हवं, आणि नात्यात नेमकं हेच विचारायचं लोक विसरतात.

काळ्या मातीवर जॅक

याबद्दल लिहिताना अजूनही हात गार पडतात.

भाद्रपद होता. चार दिवस ऊन पडलं होतं, आवार वरून कोरडं खडखडीत. भावाच्या गाडीच्या खालचा संरक्षक पत्रा नालीतल्या दगडाने फाटून लोंबत होता. मी तालुक्याला क्लिपा आणायला गेलो होतो. पुतण्या अठराचा, मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून त्याने जॅकखाली वीट ठेवली, गाडी उचलली आणि खाली शिरला. मी परत आलो तेव्हा त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. मी ओरडलो नाही, दचकून हलला असता. जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, "बाहेर ये बापा, चहा मांडला आहे." तो अर्धा बाहेर आला असेल, तेवढ्यात वीट मधोमध तडकली, जॅक तिरपा झाला आणि गाडी बसली.

बसली ती स्टेपनीवर. उंबऱ्याच्या पट्टीखाली आडवी टाकलेली स्टेपनी. ही माझी जुनी सवय, आणि पोराने लहानपणापासून पाहिली होती म्हणून आठवणीने टाकली होती. व्हिडिओत ती नव्हती.

काळी माती वरून वाळते आणि बोटभर खाली लोण्यासारखी असते. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगेच्या आत पोकळ असते. त्यामुळे उन्हाळ्यातही तिच्यावर भरवसा नाही. वीट तर जॅकखाली कधीच नको, ती न सांगता फुटते. फरशीवर किंवा मुरूम ठोकून घट्ट केलेल्या जागेवर गाडी घ्या. तेही नसेल तर जॅकखाली बैलबंडीच्या जुन्या धुरेचा किंवा बाभळीचा दोन हात लांब जाड फळकट ठेवा, म्हणजे वजन पसरतं. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढूनमागून दगड लावा. गाडी उचलली की दोन लोखंडी घोड्यांवर टेकवा, आणि शिवाय स्टेपनी आहेच. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. घोड्या नसतील तर खाली शिरायचं काम करूच नका. घोड्यांची जोडी एका चांगल्या टायरच्या किमतीत येते.

बाकीच्या, थोडक्यात

कामाला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. वेल्डिंग करणार असाल तर ती काढल्याशिवाय मशीन सुरूच करायचं नाही, नाहीतर गाडीचा कंप्युटर जळतो.

रेडिएटरच्या पुढे जी दुसरी जाळी असते ती एसीचा कंडेन्सर. तिच्या पाइपाचे नट सोडू नका. आत दाबाखालचा गॅस आहे, हातावर उडाला तर कातडी गोठते.

एअरबॅगचा लाल दिवा पेटलेला असेल किंवा एअरबॅग उघडली असेल, तर ते काम घरचं नाही. त्याच्या पिवळ्या वायरींना टेस्ट लॅम्प लावायचा नाही. भंगारातली एअरबॅग तर बसवायचीच नाही.

वाकलेला पत्रा बाहेरून हातोड्याने ठोकू नका. आतून लाकडी गुटका लावून, कडेकडून मध्ये या.

बोनटचं कुलूप दोन टप्प्यांत लागतं. दोन्ही लागतात का ते दहा वेळा उघडझाप करून पाहा. ऐंशीच्या वेगात बोनट काचेवर आलं की रस्ता दिसत नाही.

समोरची पट्टी सरळ झाली की नाही, हे नजरेने ठरवू नका. टेप घ्या. डाव्या फेंडरच्या मागच्या बोल्टपासून उजव्या लाइटच्या बोल्टपर्यंत, आणि तसंच उलट. दोन तिरप्या मापांत बोटभर फरक आला तर चेसिस वाकली आहे. ती ओढायच्या बेंचवर न्यायची. चाकाजवळची ठोकर असेल तर ब्रेकचा रबरी पाइप आणि स्टिअरिंगचे जोड मी स्वतः पाहतो, पण शेवटचा शब्द तालुक्यातल्या मिस्त्रीचा घेतो. ज्या गाडीत बहीण तिची लेकरं घेऊन बसणार, तिच्या ब्रेकवर मी प्रयोग करत नाही.

नव्याने शिकणाऱ्या पोरांना एक सांगणं आहे. तुमचा उत्साह मला आवडतो, पण खोलायच्या आधी फोटो काढा, आणि प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा. मी तंबाखूच्या रिकाम्या डब्या वापरतो, वर पेनाने "डावा लाइट", "पंखा" असं लिहितो. बंपर बसवल्यावर हातात तीन बोल्ट उरले तर "राहू दे, बसला तर खरा" म्हणू नका. परत खोला.

हेडलाइट नवे बसवल्यावर संध्याकाळी शेडच्या भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही झोत एका उंचीवर आणतो. मग मालकालाच चालवायला बसवून, मी शेजारी, दहा-बारा किलोमीटरची चक्कर. परत आल्यावर गाडी थंड झाली की कूलंटची पातळी पुन्हा पाहतो. आणि एका कागदावर काय काय बदललं, काय तसंच ठेवलं, काय अजून करायचं बाकी आहे, हे लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवतो. मावसभावाच्या गाडीतला कागद अजून तिथेच आहे. त्यावर सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: "काटा वर गेला की चावी बंद. खाली आला तरी बंद."