ब्रायटन-होव्हमधलं रीजन्सी घर दुरुस्त करताना या चुका टाळा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होव्हच्या ब्रन्सविक स्क्वेअरमधली, वास्तुकार चार्ल्स बझबीने आखलेली 1820 च्या दशकातली, रीजन्सी शैलीतली (एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची) क्रीम रंगाची घरं पाहिली की वाटतं, अख्खी दगडात बांधलीत. तो दगड म्हणजे स्टको, म्हणजेच गिलावा. त्यामागे या भागातल्या अनेक घरांत ‘बंगरूश’ असतं: फळ्यांच्या साच्यात चुना, गारगोट्या आणि विटांचे तुकडे ओतून उभी केलेली भिंत. हे ठाऊक नसलं की दुरुस्तीच घराच्या मुळावर येते.

सगळ्यात महागात पडतं ते सिमेंट. ओल दिसली की सिमेंटचा गिलावा मारायचा, ही सवय इथे घातक आहे. चुन्याची भिंत किंचित हलते, कडक सिमेंटला ते झेपत नाही आणि त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. भेगांतून पाऊस आत जातो, पण बाहेर पडायला वाट नसते. बंगरूश सतत भिजलं की चुना धुपतो आणि भिंत आतून भुसभुशीत होते. प्लास्टिक रंगही तेच करतो. त्याला आलेले फुगे म्हणजे अडकलेलं पाणी. ओल रोखायला भिंतीत रसायन टोचण्यावर तर पैसे घालवूच नका. बंगरूशमध्ये विटांसारखा सलग आडवा सांधाच नसतो, रसायन पसरणार कुठून?

आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. बहुतेकदा गुन्हेगार वर असतो. दर्शनी कठड्याआड छपराच्या दोन उतारांमध्ये शिशाची पन्हळ दडलेली असते. ती पानांनी किंवा सीगलच्या घरट्याने तुंबली की पाणी थेट भिंतीत उतरतं. वर्षातून दोनदा साफ करा, त्यातली एक खेप पानगळ संपल्यावर.

मग बोटाच्या पेराने गिलाव्यावर टकटक करा. पोकळ आवाज आला म्हणून सगळं उतरवू नका. जे हलतं किंवा फुगलंय तेवढंच छिन्नी-हातोड्याने काढा. ब्रेकर मशीनच्या हादऱ्याने बंगरूश सुटतं. मूळ स्टको चुन्याचा असेल तर साधारण 1 भाग हायड्रॉलिक चुना (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना, पिशवीवर ‘एनएचएल 3.5’ ही प्रत) आणि 2.5 ते 3 भाग खरखरीत वाळू घ्या. एक थर 10 मिमीच्या आसपास ठेवा. थंडीत 5 अंशांखाली काम नको. ओलं गोणपाट लावून गिलावा सावकाश वाळू द्या. घाईने वाळला तर हाताला पीठ लागतं. मूळ गिलावा रोमन सिमेंटचा (त्या काळचं, पटकन घट्ट होणारं नैसर्गिक सिमेंट) असेल तर हे मिश्रण चालणार नाही, म्हणून आधी नमुना तपासून घ्या.

सॅश खिडकी (दोरी आणि वजनांच्या आधाराने वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपांची) अडकली म्हणून बदलू नका. बहुतेक वेळा रंगाचा थर चिकटलेला असतो किंवा दोरी तुटलेली असते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका. जाड काच बसवली तर वजनंही बदला: वरच्या झडपेची जरा जड, खालच्या झडपेची जरा हलकी. नाहीतर वरची झडप खाली घसरते आणि खालची बंदच राहत नाही.

परवानगीची बाब. वारसा इमारतींविषयीच्या 1990 च्या कायद्याखाली संरक्षण यादीतल्या घराचं आतलं कामही येतं: जिना, छताची नक्षी, शेकोटीची चौकट. घराच्या रूपात फरक पाडणारं काम विनापरवाना करणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि केलेलं पूर्ववत करायला लावण्याला मुदत नाही. मागच्या मालकाने काढलेली चौकट आजच्या मालकाला परत बसवावी लागू शकते. इंग्लंडमध्ये या अर्जाला शुल्क नाही. काम ‘जसंच्या तसं’ असलं तरी कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याकडून तसं लेखी घ्या, आणि फ्लॅट घेत असाल तर जुन्या परवानग्यांचे कागद सह्या करण्याआधीच मागा.