मनातल्या ‘अंशां’शी बोलताना या चुका टाळा : चिंता आणि एडीएचडी असणाऱ्यांसाठी

‘एक मन म्हणते आत्ताच कामाला बसावे, दुसरे म्हणते उद्या बघू,’ असे आपण सहज बोलून जातो. हे बोलणे अक्षरशः खरे मानून त्यावर उभी राहिलेली उपचारपद्धती म्हणजे इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, अर्थात आयएफएस. अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ रिचर्ड श्वार्ट्झ यांनी ती १९८० च्या दशकात मांडली. या पद्धतीनुसार मनात अनेक अंश नांदतात. काही अंश आधीपासून आखणी करून, धाक घालून सगळे ताब्यात ठेवतात, ते व्यवस्थापक. वेदना असह्य झाली की मिळेल त्या साधनाने ती विझवू पाहतात ते अग्निशामक, आणि जुनी लाज किंवा भीती घेऊन कोपऱ्यात दडलेले ते हद्दपार अंश. या सर्वांपलीकडे शांत आणि कुतूहल असलेला ‘स्व’ असतो व संवाद त्याने साधायचा असतो.

पहिली चूक एडीएचडीलाच एक अंश समजण्याची. ही लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे कठीण करणारी, मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी नियमपुस्तिकेनुसार निदानासाठी तिची काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीपासून असावी लागतात. हातातले काम करता करता पुढची पायरी ध्यानात न राहणे किंवा वेळेचा अंदाज साफ चुकणे यामागे कोणी रुसलेला अंश नसतो, त्यामुळे त्याची समजूत काढून काही साधत नाही. अंश तयार होतात ते या अडचणींच्या भोवती. वर्षानुवर्षे ‘आळशी’, ‘वेंधळा’ हे शब्द ऐकलेल्या माणसाच्या मनात तेच शब्द उच्चारणारा एक टीकाकार बसतो आणि त्याला चुकवण्यासाठी दुसरा एखादा अंश मोबाइल उघडून देतो. आयएफएसचे काम या दोघांच्या भांडणावर चालते, मूळ अवधानावर नव्हे.

दुसरी चूक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. चिंता करणाऱ्या अंशाशी बोलायला बसावे आणि मनात मात्र ‘हा एकदाचा जावा’ हीच इच्छा असावी. अशा वेळी बोलणारा ‘स्व’ नसून चिंतेला वैतागलेला आणखी एक अंश असतो आणि चिंता करणारा ते बरोबर ओळखतो. म्हणून संवादाआधी स्वतःला विचारावे की या अंशाबद्दल मला या क्षणी काय वाटते. उत्तर राग, भीती किंवा घाई असे आले, तर त्या रागावलेल्या अंशाचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे आणि त्याला थोडे बाजूला बसण्याची विनंती करावी. उत्तरात जराशी उत्सुकता आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

माझ्या मते सर्वांत महागात पडते ती तिसरी चूक. एडीएचडी असलेल्या अनेकांच्या आयुष्यात काळजी हीच घड्याळाचे आणि वहीचे काम करीत असते. मुदत अगदी गळ्याशी आल्यावर जी धास्ती बसते तिच्या जोरावरच काम उरकते, आणि काही विसरू नये म्हणून हा अंश रात्रंदिवस तीच यादी घोकत राहतो. त्याला ‘आता निश्चिंत हो’ म्हणून रजा दिली आणि त्याच्या जागी दुसरे काहीच ठेवले नाही, तर दोन आठवडे छान जातात, मग बिले थकतात, निरोप राहून जातात आणि तो अंश दुप्पट आवाज घेऊन परततो. त्याचे चुकतेही नाही. त्याला कामावरून मोकळे करण्यापूर्वी ते काम कोणाकडे सोपवायचे हे ठरवावे : फोनवरचा गजर, दाराशेजारी चिकटवलेली यादी, कामाला बसताना सोबत बसणारी व्यक्ती. ‘तू काळजी करणे थांबवलेस तर काय होईल अशी तुला भीती वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एखाद्या ठोस कामाचे नाव असते. ते काम आधी मार्गी लावावे.

‘डोळे मिटून पाऊण तास आत पाहा’ असा सराव चंचल लक्षाला झेपत नाही. लक्ष भरकटले की ‘माझा संरक्षक अंश विरोध करतोय’ असा अर्थ लावणे ही तर चुकीवर चूक होय. दहा मिनिटे, डोळे उघडे ठेवून, चालता चालता किंवा कागदावर प्रश्नोत्तरे लिहून हाच संवाद चांगला जमतो. उलट टोकही आहे : अंशांना नावे, रंग, नकाशे देण्यात तास न् तास रमणे आणि ज्या कामाच्या भीतीपोटी बसलो ते तसेच राहणे. टाळाटाळ करणाऱ्या अंशाला याहून सोयीचा छंद मिळणार नाही.

औषधे परस्पर बंद करू नयेत. एडीएचडीसाठी औषधे आणि सीबीटी (विचार व वर्तनाच्या सवयी बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) यांच्यामागे जितके संशोधन आहे त्यापुढे आयएफएसचा पुरावा तोकडा आहे. तिला जोडउपचार मानावे. हद्दपार अंशांपर्यंत, विशेषतः जुन्या आघाताच्या आठवणींपर्यंत, एकट्याने पोहोचण्याचा प्रयत्नही करू नये. सरावानंतर बधिरता येत असेल, झोप उडत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर सराव तिथेच थांबवून तज्ज्ञांशी लगेच बोलावे. आणि छातीतली धडधड औषधाचा डोस वाढल्यापासून किंवा कॉफी वाढल्यापासून सुरू झाली असेल, तर तिच्याशी संवाद साधत बसण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.