श्वसनविषाणूंवरचा शोधनिबंध वाचताना यजमान पेशीतील विकरे कशी तपासावीत

मटण जून निघाले की कोल्हापुरात ते रश्श्याला लावण्याआधी कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवतात. पपईतील पपेन हे विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनांचे तुकडे करते. श्वसनमार्गातील अनेक विषाणूंनाही असा काप हवा असतो. मात्र तो नेमक्या जागीच पडावा लागतो आणि सुरी असते, म्हणजे कापणारे विकर असते, ती विषाणूची नव्हे, आपल्याच म्हणजे यजमान पेशीची. शिवाजी विद्यापीठात किंवा शहरातील महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्यांनी शोधनिबंधाच्या निष्कर्षाकडे जाण्याआधी ही सुरी शोधावी.

प्रथम कापाची जागा पाहावी. इन्फ्लुएन्झाच्या पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन अखंड असतानाही पेशीला चिकटते, पण त्याचे दोन भाग झाल्याखेरीज विषाणूचे आवरण पेशीच्या पटलात मिसळत नाही. हंगामी फ्लूमध्ये त्या जागी बहुधा आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल असते आणि ते ओळखणारी टीएमपीआरएसएस-२ सारखी विकरे श्वसनमार्गासारख्या मोजक्या ठिकाणी असतात. कोंबड्यांना मारणाऱ्या एच-५ प्रकारांत तेथे अशा अमिनो आम्लांची रांगच असते, ती जवळजवळ सर्व ऊतींत असणाऱ्या फ्युरिन या विकराला चालते, म्हणून संसर्ग पक्ष्याच्या अंगभर पसरतो. कोविडच्या विषाणूच्या पृष्ठभागावरील स्पाइक या प्रथिनाला दोन काप लागतात: पहिला विषाणू तयार होतानाच फ्युरिन घालते, दुसरा नव्या पेशीच्या पृष्ठभागावर टीएमपीआरएसएस-२, किंवा ते नसल्यास पेशीच्या आतील आम्लधर्मी पिशवीत कॅथेप्सिन-एल हे विकर. हे कॅथेप्सिन पपेनच्याच कुळातले आहे, त्यामुळे पपईची उपमा अगदीच वावगी नाही.

यानंतर प्रयोग कोणत्या पेशींत केला ते पाहावे. माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या व्हेरो पेशींत टीएमपीआरएसएस-२ नगण्य असल्याने विषाणू कॅथेप्सिनच्या वाटेने शिरतो, आणि पिशवीतील आम्लता कमी करणारे क्लोरोक्विन हे औषध ती वाट अडवते. मानवी फुप्फुसाच्या कॅलू-३ पेशींत मात्र पृष्ठभागावरची वाट उघडी असते. तेथे क्लोरोक्विनने संसर्ग थांबत नसल्याचे २०२० मध्येच प्रसिद्ध झाले. औषध तेच, विषाणू तोच. बदलली होती ती सुरी.

पेशी ज्यात वाढवतात त्या माध्यमात बाहेरून काय घातले आहे, तेही वाचावे. कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या एमडीसीके पेशींत फ्लू वाढवताना टीपीसीके या रसायनाची प्रक्रिया केलेले ट्रिप्सिन हे कापणारे विकर घालतात आणि त्याआधी पेशी धुऊन सीरम (माध्यमातील रक्तद्रव) काढून टाकतात, कारण सीरममधील घटक ट्रिप्सिनला निष्क्रिय करतात. एकदा माझ्याकडून ही धुलाई अर्धवट राहिली. तीन दिवसांनी थाळीत पेशींचा अखंड थर होता, एकही प्लाक, म्हणजे विषाणूने पेशी मारून पाडलेला मोकळा ठिपका, नव्हता, आणि मी उगाच विषाणूच्या साठ्याला दोष देत बसलो.

पेशीच्या पृष्ठभागावरचे एसीई-२ हेदेखील विकरच आहे, पण कोविडचा विषाणू त्याचा उपयोग केवळ चिकटण्यासाठी करतो; त्याची गणना सुऱ्यांत करू नये.

शेवटी, टिपण काढताना पेशींच्या नावाशेजारी विषाणूचा प्रकारही लिहावा. ओमिक्रॉनचे सुरुवातीचे प्रकार टीएमपीआरएसएस-२ वर डेल्टापेक्षा कमी अवलंबून होते. त्यामुळे ते विकर रोखणाऱ्या कॅमोस्टॅटचे डेल्टावरील आकडे ओमिक्रॉनच्या रकान्यात उतरवता येत नाहीत.