बंदुकीच्या लाकडी दस्त्याला तेलाचं पॉलिश कसं करावं

खंडेनवमीला पूजेसाठी बंदूक बाहेर निघते, तेव्हा दस्ता काळवंडलेला आणि हाताला चिकटणारा लागतो. राधानगरी, गगनबावडा भागात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या अशा बंदुका जुन्या घरांत आहेत. दस्ता अक्रोडाचा असेल तर त्यावर रंग किंवा चकचकीत वार्निश फासू नका. त्याचं सौंदर्य तेलातच खुलतं.

काम दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर काढा. पावसाळ्यात इकडे तेल सुकता सुकत नाही.

आधी बंदूक रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी पाहा आणि नळीच्या मागच्या तोंडात बोट घालूनही तपासा. मग दस्ता सोडवून लोखंडी भाग कुलपात ठेवा. सोडवणं जमत नसेल तर बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या, ओळखीच्या सुताराकडे नको.

जुनं पॉलिश पेंट रिमूव्हरने मऊ करून पुसून काढा. पकडीवरच्या जाळीदार नक्षीला पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही, जुना टूथब्रश पुरे. लाकूड दबलेलं असेल तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवा. वाफेने तंतू फुगून खड्डा बराचसा भरतो. तंतू तुटलेले असतील तर मात्र उपयोग नाही.

आता १२० नंबरचा पेपर ठोकळ्याला गुंडाळून लाकडाच्या रेषेतच घासा. पुढे १८०, २४०, ३२०. जिथे लाकूड लोखंडाला भिडतं त्या कडा घासू नका, नाहीतर जोडल्यावर लोखंड वर आणि लाकूड खाली दिसेल. शेवटी ओलं फडकं फिरवा, वाळू द्या आणि उभी राहिलेली कुसं हलक्या हाताने काढा.

स्टेन, म्हणजे लाकडाला रंगछटा देणारं द्रावण, हवंच असेल तर पातळ करून घ्या आणि आधी बट प्लेटखाली (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीखाली) झाकल्या जाणाऱ्या भागावर रंग पाहा. तिथे लाकडाची छेदलेली टोकं उघडी असल्याने रंग जास्त शोषला जातो, बाजूंवर त्यापेक्षा फिकट दिसेल. चांगल्या अक्रोडाला स्टेनची गरजच नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेल म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड लिनसीड, आपलं जवसाचंच. खोबरेल किंवा शेंगतेल नको. ती हवेत सुकून घट्ट होत नाहीत. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन मिसळून द्या, दस्त्याच्या आतल्या खाचांना आणि बट प्लेटखालीही. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. ते राहिलं की चिकटा धरतो आणि सगळं काम वाया जातं. किमान एक दिवस सुकू द्या. दुसऱ्या हाताला तेलातच ४०० नंबरचा वॉटर पेपर फिरवा. निघालेली लाकडाची बारीक पूड आणि तेल मिळून छिद्रं बुजतात. हा लगदा रेषेला आडवा पुसायचा. त्यानंतर प्रत्येक वेळी चारच थेंब घेऊन तळहात गरम होईस्तोवर चोळा. असे पाच-सहा पातळ हात झाले की आतून मंद चमक येते.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

शेवटच्या हातानंतर आठवडाभर थांबून मगच दस्ता जोडा.