चिखलातली जखम: धुवायची कशी आणि चिघळतेय हे ओळखायचं कसं

लावणीच्या दिवसांत पायात काच घुसते, बाभळीचा काटा मोडतो, नाहीतर विळा निसटतो. अशा वेळी घाव केवढा आहे यापेक्षा त्यात चिखल किती गेला, हे जास्त महत्त्वाचं. जखम पिकणार की भरणार, हे बऱ्याचदा पहिल्या काही तासांतल्या धुण्यावर ठरतं. तिथे आळस केला तर पुढे कितीही महागडं मलम लावा, आत राहिलेली माती ते बाहेर काढत नाही.

रक्त वाहत असेल तर आधी ते थांबवा. स्वच्छ फडकं जखमेवर घट्ट दाबून सलग 10 मिनिटं धरा. मध्येच उचलून पाहिलं की जमलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काही खोल रुतलं असेल तर उपसू नका, तसंच दवाखान्यात जा.

मग धुणं. आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. बादलीत पाय बुडवून बसणं उपयोगाचं नाही, कारण सुटलेली घाण त्याच पाण्यात फिरत राहते. पाण्याची धार हवी. नळ नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या दाभणाने भोक पाडा आणि बाटली दाबून धार थेट जखमेत मारा. बिनसुईची 20 मिलीची सिरिंजही चालते. लहान जखमेला निदान अर्धा लिटर, चिखल भरलेल्या जखमेला लिटर-दोन लिटर पाणी लागतं. 5 ते 10 मिनिटं धुवा. पाणी पिण्यालायक असावं. शंका असेल तर उकळून, झाकून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात सपाट दीड चहाचा चमचा मीठ घाला आणि ते त्याच दिवशी संपवा. साबण आजूबाजूच्या त्वचेला लावा, जखमेच्या आत नको. (कुत्रं चावलं असेल तर मात्र जखमसुद्धा साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.) दिसणारे खडे उकळलेल्या चिमट्याने काढा.

स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर भरून येणारं मांसही जाळतात. चुन्याने भाजतं. शेण आणि माती तर नकोच, धनुर्वाताचे जंतू तिथेच असतात. हळदीबद्दल अनेकांना राग येईल, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. शिवाय कडा पिवळ्या झाल्या की लाली वाढतेय की नाही ते दिसत नाही. भुरभुरायची पावडरही टाळा. तिची वरून कडक खपली बनते आणि खाली पू साचतो.

धुतलेल्या जखमेवर व्हॅसलीनचा पातळ थर, वर गॉज आणि चिकटपट्टी. कापूस थेट ठेवू नका, तंतू आत अडकतात. ‘उघडी राहू दे, सुकेल’ हा सल्ला चुकीचा. किंचित ओलसर राहिलेली जखम लवकर भरते. पट्टी रोज बदला, भिजली तर लगेच. चिकटली असेल तर मिठाच्या पाण्याने भिजवून काढा. कडा उघड्या पडलेल्या, खोल जखमेला टाके लागतील. शक्यतो 6 ते 8 तासांत पोहोचा. चपलेतून खिळा आरपार गेला असेल तर वरून धुतलेलं आत पोहोचत नाही, तो पाय डॉक्टरांना दाखवाच.

पहिले दोन दिवस कडेला थोडी लाली, थोडी सूज आणि पाण्यासारखा स्राव चालतो. तिसऱ्या दिवसापासून हे उतरायला हवं. उलट ठणका वाढला, घट्ट पिवळा पू किंवा घाण वास आला तर जखम चिघळतेय. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि बाजूला वेळ लिहा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर थांबू नका. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे त्वचा काळपट, ताणलेली, चकचकीत दिसते. हाताची मागची बाजू दोन्ही पायांना लावून पाहा, दुखरा पाय गरम लागेल.

ताप, थंडी, पायावरून वर चढणारी लाल रेघ, जांघेत आलेलं अवधाण (दुखरी गाठ) यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दिसतं त्या मानाने वेदना अतोनात असतील, त्वचा जांभळी-काळी पडत असेल, फोड येत असतील तर एक तासही घालवू नका. मधुमेह्यांना पायाला बधिरपणामुळे ठणका जाणवत नाही, म्हणून त्यांनी लहान जखमही लगेच दाखवावी.

गळू झालं तर पू बाहेर काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. घरी पिळू नका. मेडिकलमधून दोन-चार अँटिबायोटिक गोळ्या आणून बरं वाटताच बंद करणं सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करा, आणि 48 तासांत उतार नसेल तर परत जा.

धनुर्वाताचं इंजेक्शन दर खरचटण्याला लागत नाही. आधीचे डोस पूर्ण असतील तर मातीच्या जखमेला शेवटच्या डोसाला 5 वर्षं, स्वच्छ लहान जखमेला 10 वर्षं उलटली असतील तरच. डोस अपुरे असतील किंवा आठवतच नसतील, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. अशा वेळी घाणेरड्या जखमेला वेगळं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं.

जखम नसतानाही पाय सुजला, लाल झाला तर बोटांच्या बेचक्यांत बघा. चिखल्यांच्या, म्हणजे बेचक्यांत बुरशीने पडलेल्या भेगांतून जंतू आत शिरतात. चिखलातून आल्यावर पाय धुवून बेचकं न बेचकं कोरडं पुसा, क्लोट्रिमॅझोल 1 टक्का मलम दिवसातून दोनदा लावा, आणि दिसायला बरं झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. खाज पटकन थांबते म्हणून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नका; त्याखाली बुरशी पसरत राहते.