सिक्युअर बूट चालू करताय? या चुका टाळा

परवा पाचोऱ्याहून मावसभावाचा फोन, "काय भो, पीसी चालूच नाही होऊन राहिला, काळ्या स्क्रीनवर नो बूट डिव्हाइस येतंय." गेमने सिक्युअर बूट (पीसी उठताना फक्त सही असलेलं, खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मागितलं, म्हणून गडी सरळ बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) घुसला, सीएसएम (जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद केलं आणि सेव्ह मारून बाहेर.

सगळ्यात कॉमन चूक हीच. विंडोज लेगसी मोडमध्ये टाकलेलं असलं की डिस्क एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत) असते, सिक्युअर बूटला यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) लागतं आणि त्यात विंडोज जीपीटी (नोंदीची नवी पद्धत) डिस्कवरूनच उठतं, मग सीएसएम गेलं की मशीनला विंडोज सापडणार कुठून. डेटा जागेवरच असतो, उगाच फॉरमॅट मारू नका (दुकानात नेलं की पहिला सल्ला तोच मिळतो!), सीएसएम परत चालू करा. मग विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ टाका, बायोस मोडपुढे लेगसी दिसलं तर आधी बॅकअप घ्या आणि विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी हे डिस्क बदलायचं टूल वापरा, आधी व्हॅलिडेट (जमेल का ते तपासणं) मग कन्व्हर्ट, आणि त्यानंतरच सीएसएम बंद करून सिक्युअर बूट चालू करा. भावाचं व्हॅलिडेटच फेल, कारण सी, डी, ई आणि ते लपलेलं सिस्टिम रिझर्व्ड धरून चार प्रायमरी पार्टिशन, चालतात तीनच. ई मधले लग्नाचे फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतले, ई उडवला, मग झालं.

लॅपटॉपवाल्यांनो, बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं फीचर) सस्पेंड करा, नाहीतर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेव्ह असते, पण पासवर्ड आठवतोय का ते आधीच बघा ना.

कधी बायोसमध्ये एनेबल्ड दिसतं पण विंडोजमध्ये ऑफच, तेव्हा सिक्युअर बूटच्या कीज (सह्या तपासायच्या डिजिटल चाव्या) लोड नसतात, रिस्टोर फॅक्टरी कीज करा. असुसच्या बोर्डावर ओएस टाइप अदर ओएस राहिलं तरी हेच होतं. आणि सीएसएम बंद केल्यावर डिस्प्लेच गेला तर ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल, त्याला यूईएफआय कळत नाही, सीमॉस क्लिअर करून (म्हणजे बायोसची सेटिंग डिफॉल्टवर आणून) मागे या.

भावाचं सगळं जमलं, दोन दिवस गेम खेळला, तिसऱ्या दिवशी परत फोन, सिक्युअर बूट आपोआप बंद. रात्री लाइट गेली होती. म्हटलं कोपऱ्यातलं घड्याळ बघ, तर तारीख कितीतरी वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला, करंट गेला की सेटिंग डिफॉल्टवर. नवा सेल टाकला, बायोसमध्ये परत एकदा सगळं लावलं.