दहावीच्या वहीत एलडब्ल्यूई

क्लासमध्ये क्रेमरची पद्धत (दोन समीकरणांतून दोन अज्ञात आकडे काढायची) शिकवून झाली की मी एलडब्ल्यूईचा, म्हणजे मुद्दाम चुका घालून गुपित लपवण्याचा, हा खेळ मांडते. वही-पेन्सिल पुरते.

सगळी आकडेमोड ३१ च्या बाकीत करायची: बेरीज ३० च्या वर गेली की ३१ ने भागून नुसती बाकी ठेवा, ऋण आली तर ३१ मिळवा. आता दोन गुपित आकडे धरा. माझे ४ आणि ७. मग मनाला येतील त्या जोड्या घ्या, पहिल्याला ४ ने, दुसऱ्याला ७ ने गुणून बेरीज करा आणि उत्तरात मुद्दाम एकाची चूक घाला.

(५, ११): २० + ७७ = ९७, बाकी ४. लिहा ५.
(१३, २): ६६, बाकी ४. लिहा ३.
(८, २०): १७२, बाकी १७. लिहा १८.

हा तक्ता खुशाल फळ्यावर लिहा. पोरं लगेच पहिल्या दोन ओळींवर क्रेमर चालवतात. निश्चयक २२, उत्तर ६ आणि ९ (२२ ने भागायचं म्हणजे २२ ने गुणल्यावर हवी ती बाकी देणारा आकडा शोधायचा). दोन्ही ओळी चोख जुळतात! आता तिसरीत घाला: ४८ + १८० = २२८, बाकी ११. फळ्यावर तर १८. एवढीशी चूक भागाकारात कुठल्या कुठे जाते.

हेच संगणकशास्त्रज्ञ ओडेड रेगेव यांनी २००५ मध्ये मांडलेलं 'लर्निंग विथ एरर्स', म्हणजे एलडब्ल्यूई. याचं नातं लॅटिसशी. लॅटिस म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच समजा. ठिपक्याशेजारी पडलेल्या कणावरून ठिपका ओळखायचा. कागदावर सोपं, शेकडो मितींत महाकठीण मानतात.

याच तक्त्यावरून मला गुप्त निरोप पाठवता येतो, आणि पाठवणाऱ्याला गुपित लागतच नाही. त्याने पहिली आणि तिसरी ओळ मिळवली: (१३, ०), २३. पाठवायचं '१' असेल तर आणखी १५ (३१ च्या साधारण निम्मे) मिळवा, '०' असेल तर काही नको. '१' साठी ३८, म्हणजे ७. मी गुपित वापरते: १३ × ४ = ५२, बाकी २१. ७ मधून २१ गेले, १७. हे १५ च्या जवळ, म्हणून '१'.

दोन आकड्यांच्या गुपिताला ९६१च शक्यता, चिकाटीचं पोर सगळ्या तपासेल. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेल्या एमएल-केईएम-७६८ या याच धर्तीच्या गुप्तलेखन पद्धतीत बाकी ३३२९ ची, गुपितात ७६८ सहगुणक आणि चुका उणे २ ते २.

चुका लहान ठेवा बरं. एकाने हौसेने चार-चारच्या घातल्या. दोन ओळी मिळून ८ झाले, ते शून्यापेक्षा १५ च्या जवळ. पाठवलेल्या '०' चा '१' झाला, आणि तो अर्धा तास गुणाकार तपासत बसला.